हेडसेट पॅकमध्ये बसतो, पण बोलत नाही : संगीत नाटकासाठी माईक-ट्रान्समीटरची जोडी कशी जमवायची?

तिसरी घंटा (सोमवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. सांगलीत आमची हौशी संस्था आहे, वर्षातून एक संगीत नाटक करतो. आजवर मंचाच्या काठावर ठेवलेले तीन 'फूट माईक' आणि वरून टांगलेले दोन, एवढ्यावर भागायचं. यंदा नायिकेचं मुख्य पद मंचाच्या अगदी मागे, झोपाळ्यावर आहे. तिथला आवाज फूट माईकला मिळत नाही. तो मिळवायला गेन (माईकचा आवाज उचलण्याचं प्रमाण) वाढवला की शिट्टी सुरू. म्हणून यंदा हेडसेट वापरायचं ठरवलं.

सेनहायझर इव्होल्यूशन १०० मालिकेतले, जी-३ पिढीचे सहा जुने बॉडीपॅक (नटाच्या अंगावर बांधायचे ट्रान्समीटर) रिसीव्हरसकट मिळाले. त्यांच्याबरोबर माईक नव्हते. सहा हेडसेट एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणले. साडेतीन मिलिमीटरचा, वर फिरवून घट्ट करायचा प्लग आहे, आणि दुकानदाराने "वायरलेसला चालतात" असं सांगितलं होतं. प्लग सगळ्या पॅकमध्ये बसतो. पण आजच्या तालमीत हे झालं :

दोन हेडसेट पूर्ण मुके. तीन बोलतात, पण त्यातल्या एकात मान वळवली की खरखर होते. सहावा नायकाला दिला. गद्यात ठीक वाटला, पण वरच्या षड्जावर तान घेतली की आवाज फाटतो. गेन कमी केला तरी फाटतोच, फक्त हळू फाटतो.

प्रयोग १९ दिवसांवर आहे. चूक माईकची, पॅकची की आमची, तेच कळत नाहीये. कृपया मदत करा.

कळसूत्र (सोमवार, रात्री ११.२५)

घाबरू नका, १९ दिवस पुरेसे आहेत. मी पुण्यात दुरुस्तीचं काम करतो. यातले बरेच प्रकार टेबलावर येऊन गेलेत. आधी एवढं सांगा :

मुके हेडसेट सहाही पॅकवर मुके आहेत का? नायकाचा फाटणारा हेडसेट दुसऱ्या पॅकवर लावला तर फाटतो का? आणि पॅकवर फ्रिक्वेन्सीच्या रेंजचं अक्षर छापलेलं असतं, ए, बी, सी असं. ते कोणतं आहे?

"फक्त हळू फाटतो" हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. त्यावर नंतर येतो.

विंगेतली (मंगळवार, सकाळी ८.१०)

मी मुंबईत व्यावसायिक नाटकांना माईक बांधते. दादा, आज पहिलं काम म्हणजे प्रत्येक हेडसेटला आणि प्रत्येक पॅकला कापडी चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. मग वहीत सहा बाय सहाचा तक्ता आखा आणि प्रत्येक हेडसेट प्रत्येक पॅकवर लावून बघा. ३६ वेळा "एक दोन तीन" म्हणावं लागेल, अर्धा तास जाईल, पण दोष कुणाच्या अंगात आहे ते स्वच्छ दिसेल. नंबर नसले की चांगला माईक वाईट पॅकला आणि वाईट माईक चांगल्या पॅकला जातो आणि सगळेच बिघडलेत असं वाटायला लागतं.

तिसरी घंटा (मंगळवार, रात्री ९.५०)

तक्ता केला. हेडसेट २ आणि ५ सगळ्या पॅकवर मुके. खरखर हेडसेट ३ बरोबर फिरते, पॅकशी संबंध नाही. फाटणारा ६ सगळीकडे फाटतो. चार पॅकवर बी आहे, दोनवर सी. सी-वाले दोन वेगळ्या ठिकाणाहून, जरा स्वस्तात मिळाले होते.

कळसूत्र (मंगळवार, रात्री ११.५५)

म्हणजे पॅक धडधाकट आहेत, गडबड हेडसेटमध्ये आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा समजलं की पुढच्या खरेदीत फसायला होणार नाही.

प्लग बसला म्हणजे माईक जुळला असं नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात : प्लगच्या आतली जोडणी, माईकला लागणारं बायस व्होल्टेज आणि माईकची संवेदनशीलता.

जोडणी. तुमच्या पॅकच्या सॉकेटमध्ये टोकाला माईक लागतो, आणि माईकला लागणारी वीज तिथूनच मिळते. मधलं कडं लाईन इनपुटचं, मागचा भाग अर्थ (अर्थिंग). सेनहायझरच्या मूळ माईकच्या प्लगमध्ये मधलं कडं अर्थलाच जोडलेलं असतं. सोनीच्या वायरलेसचा प्लगही हुबेहूब असाच दिसतो, त्यालाही फिरवायची कड असते. पण माईक बनवणाऱ्या कंपन्या सोनीसाठी आणि सेनहायझरसाठी वेगवेगळे अडॅप्टर विकतात, त्याला कारण आहे. बाजारातल्या हेडसेटमध्ये तर आत काय जोडलंय ते प्लग उघडल्याशिवाय कळत नाही. माझा अंदाज, तुमच्या २ आणि ५ मध्ये माईकची तार मधल्या कड्यावर आहे. तिथे वीजच येत नाही, मग माईक मुका राहणारच.

बायस. या छोट्या माईकच्या डोक्यात कॅप्सूलला (आवाज पकडणाऱ्या भागाला) चिकटून एक इवलासा ट्रान्झिस्टर बसलेला असतो. त्याला काही व्होल्ट लागतात, आणि ते पॅक देतो. काही माईकमध्ये आवाज आणि वीज एकाच तारेतून जातात, काहींत वेगळ्या तारांतून. शूरच्या चार पिनी प्लगमध्ये १ नंबरला अर्थ, २ वर ५ व्होल्ट, ३ वर आवाज अशी फोड असते. एकेजीचा प्लग तीन पिनी, त्याची मांडणी आणखी निराळी. त्यामुळे "सेनहायझरचा माईक कापून शूरचा प्लग लावला" एवढ्याने काम होत नाही. २ आणि ३ च्या मध्ये योग्य रेझिस्टर बसवावा लागतो, तेव्हा कुठे त्या एकाच तारेला वीज मिळते.

संवेदनशीलता. हे कुणी बघतच नाही, आणि गाण्याच्या नाटकात सगळ्यात जास्त घात इथेच होतो. डीपीए कंपनीचे ४०६० आणि ४०६१ हे दोन माईक शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. पण तेवढ्याच आवाजाला पहिला २० मिलिव्होल्ट देतो, दुसरा ६. म्हणजे तिपटीहून जास्त, साधारण १० डेसिबलचा फरक. कुजबुजीसाठी पहिला छान. ओठांजवळ तार सप्तकात गाणाऱ्या माणसाला दुसराच हवा. अमेरिकेतली काउंट्रीमन कंपनी तर एकच माईक वेगवेगळ्या संवेदनशीलतेत बनवते.

आता उद्या प्लगचं आवरण फिरवून काढा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार कुठून कुठे जोडली आहे ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून तारा बघा. फोटो टाका.

मांडवीकाठ (बुधवार, सकाळी ७.३०)

कळसूत्रांनी माईकचं सांगितलं, मी पॅकच्या दुसऱ्या टोकाचं सांगतो. सी अक्षराचे ते दोन पॅक बाजूला ठेवा.

सी म्हणजे ७३४ ते ७७६ मेगाहर्ट्झ. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईलला गेला. त्यात फोन ७०३ ते ७४८ वर बोलतात आणि टॉवर ७५८ ते ८०३ वर. तुमचा सी बरोबर या दोन्हींवर पाय ठेवून उभा आहे. रिकाम्या सभागृहात तालमीला तो झकास चालेल. ८०० प्रेक्षक खिशात फोन घेऊन बसले की पहिल्या अंकातच खर्र करायला लागेल. असे पॅक स्वस्त मिळतात ते बहुतेक याचमुळे.

बी म्हणजे ६२६ ते ६६८. तो पट्टाही त्याच लिलावात मांडला होता, पण कुणी बोली लावली नाही. आज तरी चालतो.

मी गोव्यात देवळांच्या प्रांगणात, जत्रेच्या नाटकांना ध्वनी देतो. उघड्यावर, वर मोबाईलचा टॉवर, बाजूला फुगेवाल्याचा जनरेटर. तिथे हे सगळं भोगून शिकलोय. आणखी एक सांगतो. चार पॅकना चार फ्रिक्वेन्सी मनाने, सारख्या अंतराने देऊ नका. ६३० आणि ६३१ एकत्र चालू असले की त्यांच्या भांडणातून ६२९ आणि ६३२ वर भुतं उठतात, आणि तिसरा पॅक ६३२ वर असला तर तो मेला. रिसीव्हरमध्ये कंपनीने बँका, म्हणजे फ्रिक्वेन्सींचे तयार गट, करून दिलेल्या आहेत. चारही पॅक एकाच बँकेतल्या चॅनेलवर लावा, ती जुळणी त्यांनी आधीच केलेली असते.

पहिली रांग (बुधवार, सकाळी ११.१५)

वाचतो आहे आणि वाईट वाटतं आहे. १८४३ साली सांगलीत मराठी नाटक उभं राहिलं तेव्हा कुठला माईक होता? नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा, कारण तो पोचवायची तालीम होती. हल्ली हेडसेटमुळे डावीकडचा नट बोलतो, उजवीकडचा बोलतो, आणि दोघांचाही आवाज त्याच एका खांबावरच्या स्पीकरमधून येतो. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे. पेटी-तबल्याचा मूळ नाद तर हरवूनच जातो. संगीत नाटकाला हे करू नका, ही विनंती.

विंगेतली (बुधवार, दुपारी २.०५)

काका, तुमचं दुःख मला कळतं. ज्या प्रयोगात हेडसेट सगळं ओढून घेतात तो मलाही ऐकवत नाही. पण आज सभागृहात एसी आहे, पंखे आहेत, बाहेर वाहतूक आहे. नायिका पाठमोरी होऊन झोपाळ्यावर बसली तर तिचे शब्द बाराव्या रांगेपर्यंत जात नाहीत, मग ती कितीही तयारीची असो.

यातून वाट आहे. फूट माईक काढू नका, तेच मुख्य ठेवा. हेडसेट फक्त आधाराला, जिथे शब्द पडतोय तिथे हलकेच वर. आणि ज्याचं वाक्य त्याचाच फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर, बाकी सगळे खाली. दोन नट जवळ येऊन बोलतात तेव्हा एकाचा आवाज दोन्ही हेडसेटमध्ये शिरतो आणि डब्यात बोलल्यासारखा पोकळ होतो. तेव्हा दोघांतला एकच माईक उघडा ठेवायचा. त्यासाठी मिक्सरवरचा माणूस संहिता घेऊन तालमीला बसलेला हवा. प्रयोगाच्या दिवशी चार वाजता आलेला माणूस हे करू शकत नाही.

पहिली रांग (बुधवार, दुपारी ४.४०)

हे पटलं. मिक्सरवाला तालमीला बसणार असेल तर माझा विरोध नाही.

एडिसनकर (गुरुवार, सकाळी ६.५०)

न्यू जर्सीहून. आमच्या मंडळाच्या नाटकालाही हाच घोळ झाला होता. इथे पॅक भाड्याने आणतो. एका वर्षी सेनहायझर मिळाले, पुढच्या वर्षी शूर, आणि आमचे स्वतःचे हेडसेट पहिल्याच पॅकचे. ऐनवेळी काही चालेना. तेव्हापासून मायक्रोडॉट जोडणीचे दोन डीपीए हेडसेट घेऊन ठेवलेत. माईकची तार एका इवल्या स्क्रूच्या टोकात संपते आणि ज्या कंपनीचा पॅक येईल त्या कंपनीचं अडॅप्टर त्यावर फिरवायचं. सेनहायझर इव्होल्यूशनचं वेगळं, शूरचं वेगळं. माईक तोच राहतो. महाग आहेत, पण दरवर्षी सोल्डरिंग करण्यापेक्षा बरं.

मांडवीकाठ म्हणतात ते इथेही घडलं. ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाईलला गेला आणि १३ जुलै २०२० नंतर तिथे वायरलेस माईक वापरायला बंदी आली. मंडळाचे चांगले चालणारे चार पॅक आम्हाला कपाटात टाकावे लागले. पॅक घेताना आधी अक्षर बघा, मग किंमत.

तिसरी घंटा (गुरुवार, रात्री १०.१५)

कळसूत्र, तुमचा अंदाज अचूक! २ आणि ५ मध्ये लाल तार मधल्या कड्यावर होती. आमच्या पेटीवादकाचा मुलगा आयटीआयला आहे, त्याने तार टोकावर घेतली, कडं अर्थला जोडलं. दोन्ही बोलायला लागले. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा अख्खी तालीम थांबून टाळ्या वाजवत होती.

३ ची खरखर म्हणजे प्लगचं प्लास्टिक जाड असल्यामुळे तो पूर्ण आत जातच नव्हता, केसभर बाहेर राहायचा. कड दीड आटा फिरून अडकायची. प्लास्टिक घासून पातळ केलं, आता बसतो. सी-वाले दोन पॅक बाजूला ठेवले. चारांवरच प्रयोग करायचा असं ठरलं.

राहिला नायकाचा ६. तो अजून फाटतोय.

कळसूत्र (गुरुवार, रात्री ११.३०)

शाब्बास तुमच्या पोराची.

आता फाटण्याकडे. नटाच्या तोंडापासून मिक्सरपर्यंत आवाज तीन ठिकाणी फाटू शकतो, आणि तिन्हीची औषधं वेगळी आहेत.

शेवटून सुरुवात करू. रिसीव्हर मिक्सरला जास्त देत असेल तर मिक्सरच्या चॅनेलचा लाल दिवा लागतो. तिथे रिसीव्हरचं एएफ आउट (बाहेर पडणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करायचं.

त्याच्या आधी पॅकचं इनपुट. नायकाला सगळ्यात जोराची तान प्रत्यक्ष घ्यायला लावा. "चेक चेक" नको, त्याने काहीच कळत नाही. तेव्हा रिसीव्हरवर एएफचा पीक (आवाज मर्यादेबाहेर गेल्याची खूण) दिसत असेल तर पॅकमधली सेन्सिटिव्हिटी उतरवा. तुमच्या पॅकवर ती ० पासून उणे ६० पर्यंत, ३-३ च्या पायऱ्यांनी बदलते. शून्याकडे जास्त, उणे ६० कडे कमी. पण भीतीपोटी फार खाली नेऊ नका. मग रिसीव्हरनंतर आवाज वर ओढावा लागतो आणि त्याबरोबर सूंऽऽ असा हिस्सही वर येतो. तान पीकच्या जरा खाली राहील, इतपत.

आणि पहिली जागा म्हणजे माईकचं डोकंच. पॅक उतरवला, पीक लागत नाही, मिक्सर लाल नाही, तरी फाटतंय, फक्त हळू फाटतंय? मग आवाज तारेत शिरायच्या आधीच फाटलेला आहे. कॅप्सूल जास्त संवेदनशील आहे किंवा त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाहीये. आतला ट्रान्झिस्टर जेवढी वीज मिळते त्यापलीकडे हेलकावा घेऊ शकत नाही, मग लाटेचा माथा कापला जातो. कापलेला माथा मागाहून कुठल्याही बटणाने परत येत नाही. तुमचं पहिल्या दिवसाचं वाक्य म्हणूनच मला खटकलं होतं.

त्या हेडसेटवर वेळ घालवू नका. तो कुजबुजणाऱ्या पात्राला द्या. नायकासाठी कमी संवेदनशील माईक भाड्याने बघा. डीपीए ४०६६ किंवा सेनहायझर एचएसपी २ मिळाला तर उत्तम. ४०६६ ला सेनहायझर इव्होल्यूशनचं अडॅप्टर लागेल, डीएडी ६०३४. भाड्याने घेताना अडॅप्टरसकट मागा, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी हातात नुसती तार राहील. माईक मिळेपर्यंत एक करून बघा : आत्ताचा माईक ओठांच्या कोपऱ्यापासून मागे, गालाच्या मध्यावर न्या. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. कदाचित तेवढ्यानेच भागेल.

विंगेतली (शुक्रवार, सकाळी ९.२०)

माईक ठरला, आता तो अंगावर कसा बांधायचा ते. निम्मा आवाज इथे जमतो.

नायिकेला नथ आहे ना? मग माईक नथीच्या विरुद्ध गालावर. नथ डावीकडे असते म्हणून माईक उजवीकडे. एका नाटकात मी हे विसरले आणि पूर्ण पदभर मोत्यांची टिकटिक ऐकू येत राहिली. गायिका मान हलवेल तसतशी. पहिल्या अंकानंतर बाजू बदलली तेव्हा जीव भांड्यात पडला.

कर्णफुलं जड असतील तर हेडसेटचा आकडा कानामागे आधी बसवा, दागिना नंतर. गालावर मायक्रोपोअरची (जखमेला लावायच्या कागदी चिकटपट्टीची) छोटी पट्टी, रंगभूषेच्या आधी, कोरड्या त्वचेवर. पावडर लागल्यावर काही चिकटत नाही.

घाम हा खरा शत्रू. तो तारेवरून ओघळत थेट माईकच्या डोक्यात जातो. मानेमागे तारेला एक सैल वळसा द्या, म्हणजे थेंब वळशाच्या तळाशी गळून पडतो. पॅक नऊवारीच्या ओच्यात खोचू नका. पाठीला सुती पट्ट्यात, प्लग खालच्या बाजूला येईल असा ठेवा. अँटेना सरळ, अंगाला चिकटलेली नको. घामेजल्या अंगाला टेकली की रेंज बरीच कमी होते. आम्ही पॅकवर वंगण नसलेला निरोध चढवतो. लाजण्यासारखं काही नाही, अनेक देशांत नाटकवाले हेच करतात. पॅक भिजत नाही.

दोन पेन्सिल सेल दर प्रयोगाला नवे. कालचे "अजून भरलेत" असं म्हणून वापरू नका.

तिसरी घंटा (१६ दिवसांनंतर, रात्री १.१०)

मंडळी, प्रयोग झाला. आत्ताच घरी आलो, झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

नायकासाठी ४०६६ अडॅप्टरसकट भाड्याने मिळाला. पॅकची सेन्सिटिव्हिटी तालमीत त्याच्या खऱ्या तानेवर लावली आणि मग त्या बटणाला कुणाला हात लावू दिला नाही. कुठेही फाटला नाही. हेडसेट २ नायिकेला दिला, दुरुस्त केलेला. नथ डावीकडे, माईक उजवीकडे. झोपाळ्यावरचं पद सुरू झालं तेव्हा मी मुद्दाम शेवटच्या रांगेमागे जाऊन उभा राहिलो. शब्दन् शब्द कळत होता, आणि तरी आवाज झोपाळ्यावरूनच येतोय असं वाटत होतं. फूट माईकच मुख्य ठेवले होते, हेडसेट अगदी जरासा. मिक्सरवरचा मुलगा सहा तालमींना संहिता घेऊन बसला होता.

दुसऱ्या अंकात विनोदी पात्राचा माईक एकदा गेला. फेट्याची गाठ सोडताना तार ओढली गेली. विंगेत येताच दुसरा हेडसेट चढवला. नंबर लावलेले असल्यामुळे शोधाशोध झाली नाही.

सी-वाल्या दोन पॅकचे रिसीव्हर फक्त कुतूहल म्हणून मध्यंतराआधी चालू करून बघितले, भरल्या सभागृहात. मांडवीकाठ म्हणाले तसंच, पॅक बंद असतानाही रिसीव्हरचे पट्टे नाचत होते.

एक प्रश्न राहिलाय. पुढच्या वर्षीच्या नाटकात नायकाला मोठ्या मिशा आणि पगडी आहे. माईक पगडीच्या काठाखाली कपाळावर लावला तर गाण्याला चालेल का, की गालावरच बरा? कुणी करून बघितलं असेल तर सांगा.

विंगेतली (सकाळी ८.३०)

मनापासून अभिनंदन! कपाळावर चालतो, मी बांधलाय. पण पगडीचा काठ माईकच्या डोक्यावर यायला नको, नाहीतर नट मान वळवेल तेव्हा घासेल. काठाच्या बोटभर खाली, केसांच्या रेषेत. तोंडापासून लांब गेल्यामुळे आवाज कमी मिळेल, तेव्हा त्या पात्राला ४०६१ पेक्षा ४०६० जास्त शोभेल. पगडी शिवायला टाकाल तेव्हा आतून तारेसाठी कापडाची बारीक नळी शिवून घ्या. नंतर करायला गेलं की जमत नाही.